नव्या काठावर शिंत्रेकाका

शिंत्रेकाकांच्या दहाव्याला कावळा इतक्या झटकन शिवला की गुरुजींचं वाक्यसुद्धा पुरं झालं नव्हतं. त्यांच्या मुलीने, मेधाने, पिंडाचं पान घाटाच्या कठड्यावर ठेवलं, हात जोडले आणि डोळे उघडते तर चोच लागलेली. जमलेली आमच्या सोसायटीची मंडळी एका सुरात म्हणाली, "समाधानी माणूस हो. काही मागे राहिलं नव्हतं." मग सगळे घड्याळ बघत पार्किंगकडे निघाले, कारण सोमवार होता.

माझ्या अंगावर काटा आला होता आणि त्याच वेळी हसूही फुटत होतं, आणि घाटावर दोन्ही दाखवायची सोय नसते. मी कोथरूडमध्ये आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. सिद्ध केल्याशिवाय काही मानायचं नाही ही सवय धंद्याने लावली आणि घरच्यांना ती फार जड जाते. शिंत्रेकाकांच्या बाबतीत मात्र मी सिद्धतेचा नाद केव्हाच सोडला होता.

ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. उंच, काटकुळे, पायात बारा महिने पांढरे कॅनव्हासचे बूट आणि मान कायम डाव्या बाजूला जराशी कललेली. ही मान नोकरीने दिलेली होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ते ट्रंक कॉलच्या बोर्डावर ऑपरेटर होते. गावोगावचे फोन जोडून द्यायचे आणि वेळ संपत आली की मध्ये येऊन विचारायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" ते बोर्ड भंगारात जाऊन जमाना लोटला, पण वाक्य राहिलं. सोसायटीच्या वार्षिक सभेत सेक्रेटरी पाण्याच्या टाकीवर बोलायला उभे राहिले की मागच्या रांगेतून शांत आवाज यायचा, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?" सेक्रेटरी खाली बसायचे.

ऐकण्याची त्यांची एक रीत होती. तुमचं बोलणं संपलं की ते लगेच उत्तर देत नसत. डोळे मिटून दोन-चार क्षण तसेच राहत. त्या रिकाम्या क्षणांत माणूस भांबावून आणखी एखादं वाक्य बोलून जायचा आणि नेमकं तेच खरं असायचं. माझ्या नवऱ्याने नोकरी सोडल्याचं मला सांगायच्या आधी त्यांना सांगितलं ते असंच, जिन्यात, दुधाची पिशवी हातात धरून. ते मी अजून विसरलेले नाही आणि नवऱ्यालाही विसरू देत नाही.

बोर्डावरचा एक नियम ते फार अभिमानाने सांगायचे. "ऑपरेटरने घरचा कॉल ऐकायचा नाही. बायकोचा, भावाचा, कुणाचाही आला की प्लग काढायचा आणि शेजारच्या बोर्डावर द्यायचा. आपल्या माणसाचं आपण ऐकायला लागलो की हात चुकतो." हा नियम कुठे छापलेला होता की त्यांनीच स्वतःला घालून घेतला होता, कोण जाणे. हे सांगत असताना कुसुमकाकू, त्यांच्या पत्नी, शेजारी बसून मेथी निवडत असायच्या. त्या मान वर करायच्या नाहीत.

काकांचं दुसरं रूप मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या वडिलांच्या दहाव्याला. ओंकारेश्वरापाशी घाटावर पान ठेवून पाऊण तास झाला होता. समोरच्या झाडावर आठ-दहा कावळे बसलेले, पण एकाचाही आवाज नाही. कावळे इतके गप्प बसू शकतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. कावळा शिवला नाही की गेलेल्याची काही इच्छा मागे राहिली असं आपण धरतो, तेव्हा माझा भाऊ आश्वासनं देत सुटला होता. आईला सांभाळीन, वर्षश्राद्ध नीट करीन, बहिणीला अंतर देणार नाही. हे शेवटचं ऐकून मलाच नवल वाटलं. कावळ्यांना काहीच वाटलं नाही.

तेव्हा मागे उभे असलेले शिंत्रेकाका पुढे आले. त्यांनी बूट काढले, पानाच्या डाव्या हाताला उभे राहिले, मान आणखी कलवली आणि डोळे मिटले. बराच वेळ गेला. मग हळूच म्हणाले, "आहेत." एवढंच. आणि मग रोजच्या बोलण्याच्या आवाजात, "नाना, गेटजवळचा शेवगा कुणी तोडणार नाही. मी बघतो."

एक कावळा खाली उतरला. पिंडाला चोच लावण्याआधी त्याने काकांकडे पाहिलं. मी दोन हातांवर होते. त्याने पाहिलं.

घरी आल्यावर मी त्यांना दारातच गाठलं. शेवग्याचं तुम्हाला कसं कळलं? "त्यात काय," काका म्हणाले. "तुमचे वडील रोज माझ्याबरोबर फिरायला यायचे. राजकारण, गुडघे, तुमचं लग्न, सगळं बोलायचे. गेटपाशी आलो की गप्प. माणूस जिथे थांबतो तिथेच असतं ते." हे मला पटलं. मी विचारलं, "आणि ते 'आहेत' म्हणालात, ते काय?"

"ते वेगळं," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

मग हळूहळू लोक त्यांना बोलवायला लागले. आधी सोसायटीतले, मग गल्लीतले, मग कुठून कुठून. ते जायचे. त्या घरचा चहा घ्यायचे नाहीत, नारळसुद्धा घ्यायचे नाहीत. एकदा वाघोलीहून एक कुटुंब आलं होतं, मूळचं यवतमाळकडचं. मुलगा खराडीला कंपनीत, आई वारलेली. काकांना मी स्कूटरवरून घाटावर सोडायला गेले होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. त्या बाईंना काकांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं. तरी त्यांनी मान कलवली, "आहेत" म्हणाले आणि सुनेकडे वळून विचारलं, "पाण्याचं काही म्हणत होत्या का?"

ती पोरगी पांढरीफटक पडली. "म्हनत होत्या न. मले इथल्या पान्यात टाकू नका म्हने, आपल्या गावच्या नदीत न्या. पन ह्यायले सुट्टीच नाही भेटत."

मुलगा कानातलं फोनचं यंत्र काढून खिशात घालत म्हणाला, "काका, आत्ता म्हणून टाकतो ना, की नेतो. मग बघू, मॅनेज करू नंतर."

कावळा येतच नाही म्हटल्यावर गुरुजी दर्भाचा कावळा करतात आणि तो पिंडाला लावून वेळ निभावून नेतात. काका त्या मुलाला म्हणाले, "खोटं बोलायचं असेल तर दर्भाचा करा. त्याला कान नसतात." आणि ते बूट घालायला लागले. तो मुलगा पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग उठून म्हणाला, "नेतो, आई. शनिवारी निघतो." कावळा आला. शनिवारी तो खरोखर गेला.

मी कुसुमकाकूंशी जास्त बोलायचे. संध्याकाळी शिकवणीची शेवटची बॅच सुटली की आम्ही दोघी खालच्या बाकावर बसायचो. काकू ठेंगण्या, गोऱ्या, बोलायला तिखट. एकदा मटार सोलताना त्या म्हणाल्या, "ह्यांना सगळ्या गावातल्या मेलेल्यांचं कळतं. मी जिवंत आहे ना, म्हणून माझं कळत नाही." मी हसले. त्याही हसल्या. मग शेंग हातात तशीच ठेवून म्हणाल्या, "अगं शरयू, लग्न झाल्यापासून मी थांबत आलेय. रात्रपाळीहून यायचे, तेव्हा जेवायची थांबायचे. आता कुणाच्या दहाव्याहून यायचे असतात, तर पाणी तापवून थांबायचं. चला नदीवर फिरायला म्हटलं तर म्हणतात, थांब, एक माणूस यायचाय. माझ्या दहाव्याला ना, मी कावळ्याला येऊच देणार नाही. उभं राहू दे त्यांना. बघू दे थांबणं कसं असतं ते."

"किती वेळ उभं करणार?" मी विचारलं.

"मला वाटेल तोवर. आणि तू तोंड उघडायचं नाहीस. माझी शपथ आहे."

त्या हसत होत्या. मी "बरं" म्हटलं आणि आम्ही उरलेले मटार सोलले. आठ महिन्यांनी काकू गेल्या. न्यूमोनिया झाला आणि पाच दिवसांत आटोपलं.

त्यांच्या दहाव्याला घाटाचं रूप बदललेलं होतं. समोरच्या काठाचं काम निघालं होतं. निळे पत्रे लावलेले, त्यामागे खोदणारी यंत्रं, आणि पूर्वी ज्या झाडांवर कावळे बसायचे ती झाडं नव्हती. कावळे होते, पण ते क्रेनच्या लांब दांड्यावर ओळीने बसले होते. मेधा बंगळूरहून आली होती. गर्दी खूप होती, कारण आज शिंत्रे स्वतःच्या बायकोला काय म्हणतात ते लोकांना बघायचं होतं. आपल्या लोकांना अशा वेळी मागे राहवत नाही.

काकांनी बूट काढले. पानाच्या डाव्या हाताला उभे राहिले, मान कलवली. आम्ही सगळे त्या एका शब्दाची वाट बघत होतो. मी त्यांच्या अगदी मागे होते म्हणून मला ऐकू आलं. ते म्हणाले, "कुणी नाही."

मग ते बोलू लागले. मेधाकडे दरवर्षी जाऊन राहीन. तुझी पेटी विकणार नाही. गोळ्या वेळेवर घेईन. तुझ्या बहिणीशी अबोला सोडीन. एकेक वाक्य झालं की थांबायचे, ऐकायचे, पुढचं बोलायचे. दोन तास झाले. दांड्यावरून एक कावळा हलला नाही. पुढे पुढे काकांचा आवाज बारीक झाला आणि ते अशा गोष्टी कबूल करू लागले की गर्दी हळूच मागे सरकली. माझ्या तोंडात काकूंचं वाक्य होतं. एक सांगते, त्या क्षणी शपथेपेक्षा मला भीती अडवत होती. त्या सकाळी ते वाक्य बोलले असते तर काकूंनी ऐकलं असतं, असं मला वाटत होतं.

शेवटी गुरुजी म्हणाले, "काका, बारा वाजत आले." त्यांनी दर्भाची काडी वळून कावळा केला. काकांनी हात मागे घेतला. मेधाने तो दर्भाचा कावळा पिंडाला लावला.

त्यानंतर काका कुणाच्या दहाव्याला गेले नाहीत. लोक यायचे, ते दारातूनच "लाइन बंद आहे" म्हणायचे. रोज सकाळी स्टीलचा छोटा डबा घेऊन बाहेर पडायचे आणि दुपारी परत यायचे. अंग उतरलं, बूट मळले, दाढी वाढली. मेधाचे मला फोन यायचे, "शरयूमावशी, बाबा जातात कुठे?" मला ठाऊक नव्हतं. आणि खरं सांगायचं तर विचारायची छाती नव्हती, कारण त्यांनी डोळे मिटून ऐकलं असतं आणि मी एक वाक्य जास्त बोलून गेले असते.

वर्ष लोटलं. गेल्या जानेवारीत एका रविवारी त्यांनी स्वतःच बेल वाजवली. "आज शिकवणी नाही ना? नदीवर येता का? नवा काठ झालाय, म्हणतात फार छान झालाय. पायी बघू." एवढं मोठं वाक्य मी त्यांच्या तोंडून कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. मी चप्पल घातली.

वनाजहून मेट्रोने आम्ही बंडगार्डनला उतरलो. काठ खरोखर छान झाला आहे. मी पुणेकर आहे, छान म्हणताना मला दात उपटल्यासारखं होतं, पण आहे. रुंद फरसबंदी, दगडी बाकं, एका उंचीचे दिवे, एका मापाची रोपटी. माणसं धावत होती, एक जोडपं फोन उभा करून नाचत होतं, एका आजोबांना नातवंडांनी छोट्या सायकलवर बसवलं होतं. खाली नदी हिरवी आणि इतकी निश्चल की ती वाहते कुठल्या दिशेला हे सांगता येऊ नये. थोडं पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की कसला तरी आवाज नाहीये. माणसांचा होता, पुलावरच्या गाड्यांचाही होता. पण वरून काहीच नव्हतं. एवढ्या मोकळ्या आकाशात एकसुद्धा पाखरू नव्हतं.

"आलं लक्षात?" काका म्हणाले. "बोर्डावर मोकळी लाइनसुद्धा गुणगुणते. इथे तेवढंही नाही."

ते चालताना मध्येच थांबायचे आणि बुटाच्या टोकाने फरशी दाखवायचे. "इथे उतार होता, म्हशी उतरायच्या. इथे बाभळ. बाभळीवर पन्नासेक तरी असायचे संध्याकाळी." सगळी फरशी सारखीच होती, एकाही ठिकाणी काही खूण नव्हती, आणि तरी ते दरवेळी पाऊल मोजून नेमके तिथे थांबत होते. रोज सकाळी ते इथेच येतात हे मला तेव्हा कळलं. मी त्यांना विचारलं, इतक्या लांब का येता? ते म्हणाले, "झाडं गेल्यावर कावळे कुठे जाणार? पाणी जातं तिकडे. मी घाटापासून एकेक टप्पा बघत आलोय. ते खाली सरकलेत आणि तिचा निरोप त्यांच्याकडे राहिलाय."

हे ते इतक्या सहज म्हणाले की जणू पोस्टातल्या पत्राबद्दल बोलत असावेत.

मग तो कठडा आला. लांबच लांब, दगडी, कमरेइतक्या उंचीचा. एवढ्या झाडून पुसून लखलखीत ठेवलेल्या जागेत त्या कठड्यावर केळीच्या पानाचे तुकडे होते. दर वीस-पंचवीस पावलांवर एक, उडू नये म्हणून त्यावर खडा. पानं वाळून तपकिरी झालेली आणि त्यात दहीभाताचे गोळे, दगडासारखे कडक. मी मोजत गेले. सतरा झाल्यावर मोजायचं थांबवलं. एकाही गोळ्याला चोच लागलेली नव्हती. मुंगीसुद्धा लागलेली नव्हती, आणि हे मी वाकून नीट बघून सांगते आहे.

काका पुढे झाले आणि गणवेशातला एक पहारेकरी माझ्याजवळ आला. मध्यम वयाचा, मराठवाड्याकडचा असावा. "मॅडम, तुमचे वडील हायेत का?"

"शेजारी."

"रोज येतेत. खाण्याचं ठेवायला मनाई हाय म्हनून मी आधी बोललो त्यांना. पर झाडणाऱ्या बायका त्या भाताला हात लावीनात, मंग मी बी सोडून दिलं." त्याने इकडे तिकडे पाहिलं. "ते एकलेच बोलतेत, त्याचं काय नाही, म्हातारी मानसं बोलतेत. पर ते बोलून थांबतेत ना मॅडम, तवा मला बी थांबावं वाटतं. वाटतं, आता पलीकडून कोणतरी बोलंल."

पुढे काकांनी डबा उघडला होता, नव्या पानावर भात ठेवला होता आणि मान कलवून ते पुटपुटत होते. मी जवळ गेले. ते म्हणत होते, "तुला त्या वर्षी माहेरी जायचं होतं, मी नाही म्हटलं. चुकलं. तुला निळी साडी हवी होती, मी हिरवी आणली. चुकलं." मग थांबले. जाणारी-येणारी माणसं आमच्याकडे न बघता वळसा घालून जात होती. थंडीचे दिवस होते, ऊन चांगलं तापलेलं होतं, आणि मला मात्र पाठीतून गारठा शिरत होता. त्यांच्या त्या थांबण्यात खरंच जागा होती, कुणीतरी बोलावं एवढी.

"काहीच नाही," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "शरयूताई, मी तुम्हाला फिरायला म्हणून आणलेलं नाही. मी जन्मभर घरचा कॉल ऐकला नाही. नियम म्हणजे नियम. आता ती गेल्यावर ऐकायला बसलोय, तर मला तिचा आवाजच ओळखता येत नाही. ती कुठे थांबायची ते मला माहीत नाही हो. बाकी सगळ्यांचं माहीत आहे." त्यांनी डब्याचं झाकण लावायचा प्रयत्न केला, ते बसेना. "शेजारच्या बोर्डावर तुम्ही होतात. रोज संध्याकाळी. ती तुमच्याशी बोलायची. काय म्हणाली होती?"

आणि त्यांनी डोळे मिटले.

मी शपथेचा विचार केला. काकूंचा विचार केला. त्या सतरा पानांचा आणि पुढच्या सतरांचा विचार केला. हा माणूस असाच नदीच्या काठाने खाली खाली सरकत मांजरी गावापर्यंत, आणि तिथून पुढे कुठवर जाईल, ते मला दिसलं आणि मला त्यांची विलक्षण दया आली. गेलेल्या बाईला दिलेला शब्द मी दिवसाउजेडी, धावणाऱ्या माणसांच्या गर्दीत मोडला. बाकावरचं ते बोलणं मी जसंच्या तसं सांगितलं. मटारांसकट.

काकांचे डोळे मिटलेलेच होते. मला वाटलं, आता हे खाली बसतील. मी त्यांचा दंड धरायला हात पुढे केला.

"हसत म्हणाली की रागाने?" त्यांनी विचारलं.

"हसत."

"म्हणजे मनापासून." त्यांनी डोळे उघडले. "किती वेळ म्हणाली?"

"त्यांना वाटेल तोवर."

त्यांनी मान हलवली. एकदा, दोनदा. मग त्यांची ती वर्षानुवर्षं कललेली मान सरळ झाली. मी त्यांना इतकं उंच कधी पाहिलं नव्हतं. चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं होतं आणि तिथे एक लाजरं, पोरकट सुख आलं होतं. ते बघायला मला संकोच वाटला, कारण ते माझ्यासाठी नव्हतं.

"म्हणजे ती आहे," ते म्हणाले. "घाटावर पण होती. मी कुणी नाही म्हणालो आणि ती तिथेच होती, गप्प उभी." ते हसले. "बरोबर आहे तिचं. दोन तासांत मी दर्भ लावू दिला. दोन तास म्हणजे काय थांबणं झालं?"

मी म्हटलं, काका, चला आता, झालं ना सगळं, घरी जाऊ, मेधाला फोन करू. मला रडू येत होतं आणि मी ते रागात बोलत होते, ही माझी जुनी खोड आहे.

"तुम्ही निघा," ते म्हणाले. "मी आहे इथे. कुसुमने थांबायला सांगितलंय." त्यांनी डबा खाली ठेवला, टोपी काढली आणि कठड्याशी दोन्ही पाय जुळवून उभे राहिले. आता ते पुटपुटत नव्हते. काही कबूल करत नव्हते.

मी निघाले. वर रस्त्याकडे जाणारा जिना थोड्या अंतरावर होता. निम्म्या पायऱ्या चढले असेन, तेव्हा डोक्यावरून पंखांचा आवाज गेला. त्या दिवसातला पहिला. कावळा होता, मोठा, काळाभोर. पुलाच्या बाजूने येऊन तो कठड्यावर काकांपासून हातभर अंतरावर उतरला. मी जागच्या जागी थिजले. तो तिरक्या उड्या मारत पानाकडे सरकला, त्याने एक पाय पानावर ठेवला, मान वाकडी करून काकांकडे पाहिलं आणि चोच खाली नेली.

काकांनी टोपी उगारली. "हाऽड!" त्यांचा आवाज जिन्यापर्यंत खणखणीत आला. "एवढ्यात नाही!"

कावळा उडाला. पाण्यावरून एक चक्कर मारून पुन्हा येऊन बसला. काका पान आणि त्याच्या मध्ये उभे राहिले. मी जिना चढून रस्त्यावर पोचेपर्यंत तो तीनदा आला आणि तिन्ही वेळा काकांनी त्याला हसत हसत हाकलून लावलं.